तीन झाले, टाका टोप्या

देवांग गोरक्षकरच्या नावावर सहा वर्षांत चार गोल होते, त्यातला एक चुकून झालेला. आइस हॉकी खेळून पोट भरणारा माणूस गोल करत नाही म्हटल्यावर कोणीही विचारणार, मग करतो तरी काय? तर तो अडवतो. डिफेन्समन म्हणतात त्याला, आणि देवांग मनापासून डिफेन्समन होता.

२००२ साली कॉलेज संपवून तो व्हर्जिनियातल्या डोंगराळ गावच्या छोट्याशा व्यावसायिक संघात गेला आणि तिथेच रमला. पळण्याचा वेग बेताचा, पण उलटं स्केटिंग असं सुरेख की बघत राहावं! समोरून कोणी सुसाट आला की हा त्याच्याकडे तोंड करून आरामात मागे सरकायचा आणि बोलता बोलता त्याला कडेच्या फळीशी नेऊन सोडायचा, रेंगाळलेल्या पाहुण्याला दाराकडे न्यावं तसा. ते नाहीच जमलं तर या खेळात चेंडूऐवजी असलेल्या कडक रबरी चकतीच्या वाटेत सरळ आडवा! या उद्योगात दोन दात गेले, गळ्याजवळचं हाड दोनदा मोडलं. चकती बरगडीत बसली की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे आणि हा गडी मात्र खूश.

व्हर्जिनियातच अ‍ॅशबर्नला राहणारे त्याचे बाबा प्रल्हादराव सहा वर्षांत एकदाही सामन्याला आले नव्हते. मुलाला मार खाताना बघवत नाही, म्हणायचे.

मार्च २००८ मध्ये कोच ब्रोडींनी देवांगला बोलावून सांगितलं, "जुने डिफेन्समन दोन, पुढच्या सीझनला जागा एक. रविवारची मॅच बघून ठरवतो." देवांगचं धाबं दणाणलं. हा खेळ सोडून त्याला दुसरं काही करायचंच नव्हतं. त्याने घाबरून आईला फोन केला. सुमेधाताईंनी तो घाबरून मराठी मंडळाला केला, आणि रविवारी दुपारी बेचाळीस माणसं बस करून हजर! बसमध्ये जागा उरली होती म्हणून बाबाही आले, असं त्यांचं म्हणणं.

मंडळाचे सेक्रेटरी एकनाथकाका अभ्यास करून आले होते. एका खेळाडूचे तीन झाले की लोक बर्फावर टोप्या फेकतात, हे त्यांनी इंटरनेटवर वाचलं होतं. तीन म्हणजे तीन गोल, एवढं वाचायचं तेवढं राहिलं. शेवटच्या डावात देवांगने एक फटका पायावर घेतला, दुसरा खांद्यावर, तिसरा पोटावर. काका ओरडले, "झाले तीन! टाका!"

कानटोप्या आल्या, गणपतीच्या मिरवणुकीतल्या पांढऱ्या टोप्या आल्या, कोणा काकूंकडून तर लेकराचं कुंचडंच आलं. खेळ थांबला. पंच भडकले आणि खेळ खोळंबवल्याबद्दल त्यांनी देवांगच्याच संघाचा एक खेळाडू बाहेर बसवला. दीड मिनिट उरलेलं, एका गोलची आघाडी, आणि आता चारांनी पाचांना अडवायचं.

"देव, ही तुझी माणसं?" गोलकीपरने विचारलं.

"माझीच," देवांग म्हणाला आणि त्याला हसू आवरेना. आता गेलंच सगळं, मग निदान मजेत तरी जाऊ दे!

पहिला फटका त्याने नडगीवर घेतला. उठतो न उठतो तोच दुसरा आला. तेवढ्यात कडेच्या काचेवर धाडधाड हात आपटत कोणीतरी किंचाळलं, "आडवा हो! देवांग, आडवा हो!" बाबा होते ते! देवांग आडवा झाला, चकती बरगडीत बसली, आणि त्याने पडल्या पडल्या काठीने ती पार दुसऱ्या टोकाला भिरकावली. ती तिथे पोचेपर्यंत भोंगा वाजला.

कोच ब्रोडी ड्रेसिंग रूममध्ये कराराचा कागद घेऊनच आले. "दुसऱ्याला ठेवायचं ठरवून आलो होतो," ते म्हणाले. "पण तुझ्याच माणसांनी तुला खड्ड्यात घातलं आणि तू हसत उभा राहिलास. असा माणूस मला हवाय. सही कर."

देवांग पार्किंगमध्ये धावत आला. "मला ठेवलं!" एवढंच त्याला म्हणता आलं. मंडळाने एकच गलका केला. बाबांनी पुढे होऊन त्याला मिठी मारली, ती नेमकी दुखऱ्या बरगडीवर. देवांग कळवळला. बाबांनी काही सोडलं नाही, आणि त्यालाही सुटायचं नव्हतं.