दारापासून खुर्चीपर्यंत

एका दवाखान्यासाठी पेशंटची माहिती दाखवणारी नवी सिस्टिम मी बनवत होतो. डॉक्टरबाई कसं काम करतात ते बघायला एक दिवस त्यांच्या खोलीत कोपऱ्यात बसलो. माझी सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी होती. पेशंट दारात दिसला की त्याची शुगर, बीपी, जुनी औषधं झटकन स्क्रीनवर यावीत.

एक आजोबा आत आले. बाईंनी स्क्रीनकडे बघितलंच नाही. आजोबा खुर्चीत टेकल्यावर त्या म्हणाल्या, "डावा पाय ओढताय. कधीपासून?"

ते गेल्यावर मला म्हणाल्या, "माणूस बसेपर्यंत काही दाखवू नका हो. अक्षरं दिसली की डोळे तिकडेच जातात."

इतकी मेहनत घेतली, आणि बाईंना हवी कोरी स्क्रीन! मला रागच आला. घरी जाताना मात्र पटत गेलं. रिपोर्ट गेल्या महिन्याचा असतो, माणूस आज आलेला असतो.

घरी आई चहा घेऊन आली. मी मोबाईल उपडा ठेवला आणि स्वयंपाकघरापासून माझ्यापर्यंत तिला चालत येताना पाहिलं. एका हातात कप होता. दुसऱ्या हाताने ती भिंत धरत धरत येत होती.