बकारामभाऊंचं निर्व्यसनी फुप्फुस

नागऱ्याच्या बकारामभाऊंनी जन्मात कधी बिडी ओढली नाही. तपासली. बाया घरी वळलेल्या बिड्या सट्टेदाराच्या, म्हणजे बिडीच्या ठेकेदाराच्या, ओट्यावर आणायच्या; त्यातल्या खराब बिड्या छाट म्हणून बाजूला काढणं, ही भाऊंची नोकरी. प्रत्येकीच्या मालातली एक पेटवून, डोळे मिटून, नाकातून धूर सोडल्याशिवाय निकाल लागत नसे. हे व्यसन नव्हे, कर्तव्य! म्हणून तर ते गावच्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष होते, आणि त्या खुर्चीवर त्यांचा बायकोपेक्षा जास्त जीव होता.

मग छातीत गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं. गाठ साधीच होती. फुप्फुसाचा काढलेला तुकडा तिथल्या डॉक्टर रुचीने संशोधनासाठी मागून घेतला. धुरातली कॅन्सरकारक रसायनं पेशींतल्या डीएनएला किती चिकटतात, किती नासधूस करतात, ते ती मोजत होती.

"काही व्यसन, काका?"

"मी अध्यक्ष आहो," भाऊ म्हणाले.

तुकडा निर्व्यसनी लोकांच्या गटात गेला. "माहं फुप्फुस नमुना म्हणून ठेवलं," असं भाऊ गावभर सांगत फिरले.

काही महिन्यांनी रुचीचा फोन आला. अंगणात समिती बसलेली. कौतुक सगळ्यांनी ऐकावं म्हणून भाऊंनी स्पीकर लावला.

"काका, तुमच्या डीएनएचं नुकसान रोज बिडी ओढणाऱ्यांपेक्षाही जास्त निघालंय. खरं सांगा, नाहीतर माझं सगळं मोजमाप चुकेल."

"मशीन बिघडली असंन."

"मशीन चांगली आहे वो बाई," बिडी वळता वळता भाऊंच्या बायको वच्छलाकाकू म्हणाल्या. "हा माणूस तपासाच्या नावानं दिवसभर धूर काढून राहिला. काऊन लपवता वो?"

उपाध्यक्ष सेवकरामचे डोळे चमकले. "मंग खुर्ची सोडा, भाऊ."

"कायले सोडू? बिडीनं काय होते, हे मशीनवर सिद्ध झालेला दुसरा माणूस आहे का गावात?"

सेवकरामने कानामागची बिडी हळूच खिशात सरकवली.

"ठेवा खुर्ची," काकू म्हणाल्या. "पण उद्यापासून ओट्यावर एकबी पेटवाची नाही. नाहीतर मीच फोन लावतो त्या बाईले."

दुसऱ्या दिवशी भाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा नुसतं बघून, चाचपून बिड्या तपासल्या.

छाट रोजच्याएवढीच निघाली.