वाऱ्यापलीकडची घंटा

नारळी पौर्णिमेनंतर आठवड्याभरात राहीच्या नवऱ्याची होडी मुरुडजवळच्या खडकावर फुटली. तो गेला, त्याच्या होडीवरचा हिरामण तेवढा पोहत आला. ते साल १९५८.

पावसाने किनारा दिसेनासा झाला की बंदरावरची घंटा वाजवायची आणि तिच्या आवाजावर होड्यांनी खडक चुकवायचे, अशी रीत होती.

"घंटा वाजलीच न्हाय," हिरामण म्हणाला.

घंटा वाजवणाऱ्या अंबाजीने हातावरचे फोड दाखवले. तरी कोळीवाड्याने त्याच्याशी बोलणं टाकलं.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या विश्वंभर मास्तरांनी मात्र त्या दिवशी घंटा बंदरामागच्या आपल्या नारळाच्या वाडीत स्वतः ऐकली होती. हिरामणही खोटं बोलणारा नव्हता. त्यांना चैन पडेना.

हिवाळ्यात वाडीतले पाट वाहू लागले, तसे मास्तर पाटाशी बसू लागले. काठाला काडी आपटायची आणि प्रवाहाविरुद्ध जाणारे तरंग बघायचे.

"नारळ सुकतायत आणि तुम्ही पाण्याशी खेळताय?" त्यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणाल्या.

"हे बघ. मधे पाण्याला ओढ जास्त, काठाला कमी. तरंग काठ सोडून मधे वळतोय. पुढे काठाला काहीच नाही." त्यांनी पाटात दगड टाकले. भोवऱ्यांत उरलेसुरले तरंगही मोडले. "वारासुद्धा समुद्रालगत मंद आणि वर जोराचा असतो. त्याच्याविरुद्ध निघालेला आवाज होड्यांच्या डोक्यावरून जात असेल."

भोवऱ्यांचं गणित त्यांना शेवटपर्यंत सुटलं नाही. पण एवढं कळलं: समुद्रावरून वारा जितका पिसाट, तितकी होडी बहिरी.

वैशाखात समुद्रावरून कोरडा, जोराचा वारा सुटला. मास्तरांच्या सांगण्यावरून हिरामण होडी घेऊन समुद्रात गेला. घंटा ऐकू आली की त्याने डोलकाठीवर पांढरं फडकं चढवायचं होतं. अंबाजी घंटा वाजवू लागला. सगळा कोळीवाडा किनाऱ्यावर उभा होता. फडकं चढलं नाही. होडी वळली, जवळ आली, तरी नाही. खडक अगदी पुढ्यात आल्यावर ते वर गेलं.

राहीने अंबाजीच्या हातातली दोरी सोडवली.

"पुरं आता. हात बघ तुझं."

त्या दिवसापासून अंबाजीला पुन्हा माणसांत घेतलं. खडकावर दुसरी घंटा टांगली, ती पहिल्याच पावसाळ्यात लाटांनी नेली. होड्या समुद्रात जातच राहिल्या. आभाळ भरून आलं की बंदरावरची घंटा घराघरांत खणखणीत ऐकू यायची, आणि बायका हातातलं काम टाकून दारात येऊन उभ्या राहायच्या.