तंबाखूचं पाणी

आमची वाडी बोरिवलीत, गावठाणाला लागून. सासऱ्यांनी हयातीतच तिचे दोन भाग केले होते. विहिरीच्या अलीकडचा आमचा, पलीकडचा धाकट्या दिराचा. विहीर एक, माती एक, शेणखतही एकाच गोठ्यातलं. तरी जावेची वांगी अशी तुकतुकीत की जुहूच्या हॉटेलचा माणूस थेट तिच्या दारात यायचा. माझ्या वांग्यांवर माव्याची कीड.

चर्चच्या मैदानात दरवर्षी भाजीपाल्याचं प्रदर्शन भरायचं. सत्तरच्या आसपास सरकारच्या शेतकी खात्यानं त्यात नवा गट काढला, औषध न मारलेल्या भाजीचा. काय चालेल त्याची यादीच दिली: शेणखत, राख, पेंड, मासळीचं कूट. यादीबाहेरचं काही घातलं की भाजी बाद. पहिली दोन्ही वर्षं चांदीचा पेला जावेनं नेला. घरात सगळ्यांनी त्यातून सरबत प्यायलं. मी डोकं दुखतंय म्हणून आत जाऊन पडले.

तिसऱ्या वर्षी प्रदर्शनाच्या महिनाभर आधी मी खात्याच्या साहेबांना गाठलं. म्हटलं, "ती चोरून पांढरी पावडर मारते. माझं नाव सांगू नका." पावडर मी डोळ्यांनी पाहिली नव्हती. पण मावा तिच्याकडे का जात नाही, याला दुसरं उत्तर मला सुचत नव्हतं.

साहेब आले. पानं उलटून पाहिली, हुंगली. जाऊ हसत आत गेली आणि काळपट पाण्यानं भरलेली हंडी घेऊन आली.

"पावडर कशाला, साहेब? तंबाखूची देठं भिजवते, उकळते, गाळून मारते. आईंनी शिकवलं."

सासूबाई ओट्यावर मशेरी लावत बसल्या होत्या. बारा वर्षं मी त्यांचं सगळं केलं होतं. जाऊ येऊन चार वर्षंही झाली नव्हती.

साहेबांनी यादीवर बोट फिरवलं. "तंबाखू यात नाही."

"पण झाडाचंच पान ना ते?"

"झाडाचं असलं तरी विषारी आहे, बाई. वर विचारावं लागेल."

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. तंबाखू चालणार नाही. जावेचं नाव कापलं गेलं आणि उरलेल्यांत माझी वांगी बरी ठरली. पेला मला मिळाला. जाऊच पहिली धावत आली. "बरं झालं वहिनी, घरातच राहिला ना!" तक्रार कोणी केली हे तिला ठाऊक होतं का, मला आजही सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी मी सासूबाईंना विचारलंच, "आई, मला का नाही सांगितलंत?"

"तू कधी विचारलंस गो?" त्या म्हणाल्या. "ती सारखी विचारत येते. तुला आल्या दिवसापासून सगळंच येत होतं."

जावेनं पुढं त्या गटात नाव दिलं नाही. आपलं पाणी मात्र मारत राहिली; विकायच्या भाजीला ती यादी लागू नव्हती. दोन वर्षांनी माझी सगळी वांगी माव्यानं गेली, तेव्हा मान खाली घालून मी तिच्याकडे गेले. तिनं हातातलं काम टाकलं, माझ्या चुलीशी येऊन बसली, देठं किती, पाणी किती, सगळं दाखवलं. एवढं सहज दिलं तिनं. मला तिचा तेव्हा जितका हेवा वाटला, तितका पेल्याच्या वेळीही वाटला नव्हता.