खाऱ्या टाकीचं खापर

गोड्या पाण्यातले मासे पाळणाऱ्याने खाऱ्या पाण्याची टाकी करावी का, असं हल्ली मला लोक विचारतात. मी उलट विचारतो, गोड्या पाण्यात किती वर्षं काढली? दोन-तीन असतील तर करा. बावीस असतील तर करू नका.

गुरुदासकाकांची बावीस झाली होती.

ते आचऱ्याला समुद्राकाठी राहतात. हायस्कूलमध्ये क्लार्क आहेत. पडवीत पाच टाक्या. एंजल, गप्पी, गोरामी. विजयदुर्गपासून तळेऱ्यापर्यंतची माणसं पिल्लं न्यायला त्यांच्याकडे येतात. मी शाळेत असल्यापासून जात होतो. वयात पंचवीस वर्षांचं अंतर, तरी मैत्री झाली. मी ऐकून घेत असे. त्यांना ऐकून घेणारा माणूस लागतो.

त्यांची एक पद्धत होती. प्रत्येक टाकीच्या काचेवर लाल रंगाची रेघ. ऑफिसातून आले की पाणी रेघेखाली उतरलंय का बघायचं आणि विहिरीचं पाणी ओतून ते रेघेपर्यंत आणायचं. बावीस वर्षांत एक दिवस चुकला नाही. मासे जगले. आपल्याला पाणी कळतं अशी त्यांची खात्री झाली.

गेल्या मार्चमध्ये मालवणचा मिहीर एंजल न्यायला आला. त्याच्याकडे खाऱ्या पाण्याच्या दोन टाक्या आहेत. तो सहज म्हणाला, "काका, दर्यार रवतास आनी तळ्यातले मासे पाळतास?"

पडवीतली माणसं हसली. काका हसले नाहीत.

पंधरा दिवसांत चार फुटी टाकी आली. मिहीरने मिठाची पिशवी आणि डोळा लावून खारेपणा मोजायची नळी देऊ केली. काकांनी दोन्ही परत केलं.

"आचऱ्याच्या माणसान मीठ इकत घेवचा? मगे तोंड खंय दाखवचा?"

नळी तरी ठेवा, असं मी म्हटलं.

"तू मराठीचो एम.ए. खारा पाणी तुका म्हायत ता कवितेतला. गप बस."



समुद्राचं पाणी मच्छीमार गणपतच्या होडीतून कॅन भरून यायचं. क्लाउन माशांची जोडी कोल्हापूरहून मागवली. केशरी अंगावर पांढरे पट्टे. काकांनी या टाकीवरही लाल रेघ ओढली. एप्रिलच्या उकाड्यात पाणी तापू नये म्हणून वर पंखा लावला. पंख्याने पाणी रोज दोन-तीन तांबे उतरायचं. काका रोज तेवढंच समुद्राचं पाणी ओतायचे. त्यातच कॅन संपत. म्हणून पाणी बदलणं पुढे ढकललं जायचं, भरणं मात्र चुकायचं नाही.

काचेच्या कडेला पांढरा थर धरू लागला. काकांच्या पत्नी शुभदाकाकी तो ओल्या फडक्याने पुसायच्या. त्या बालवाडीत शिकवतात. माशांत त्यांना रस नाही, पडवी स्वच्छ ठेवण्यात आहे.

पाचव्या आठवड्यात मासे वर येऊन धापा टाकू लागले. एक शनिवारी मेला, दुसरा रविवारी. सोमवारी काका देवळात चारचौघांत म्हणाले, "आमच्या घरात फिनेलाचा फडको काचेर फिरता. मासे जगतले कशे?"

आचऱ्यात एवढं पुरतं. बालवाडीच्या दारात एका आईने काकींना विचारलं, "बाई, फिनेल घातलास म्हणे?" घरात काकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. ताट त्यांच्या हातून घेईनात. स्वतः वाढून पडवीत जेवायला बसत. येणाऱ्या प्रत्येकाला माशांविना भरलेली टाकी दाखवत आणि तेच सांगत.

मी मिहीरला फोन केला. त्याने एकच विचारलं.

"पाणी उतरल्यावर काय घालत होते?"

"समुद्राचं."

 तो म्हणाला, "उडून जाता ता पाणी. मीठ थयच रवता. भर घालूची ती गोड्या पाण्याची."

मी मालवणला जाऊन नळी घेऊन आलो. आधी समुद्राच्या काठावरचं पाणी मोजलं. हजार भागांत पस्तीस भाग मीठ. मग टाकीतलं. अठ्ठेचाळीस. काकांना नळी दिली. त्यांनी डोळा लावला, खाली ठेवली आणि पडवीत कोणी आहे का ते पाहिलं.

"माका म्हायत आसा," ते म्हणाले. "मासो मेलो त्याच दिवशी चाखून बघलंय."

"मग काकी?"

"तिचा काय जाता? तिच्याकडे कोण माशांसाठी येणत नाय. माझ्याकडे येतत."

 समोर ठेवलेला चहा मी प्यायलो. तो काकींनी केला होता. तसाच उठून घरी आलो आणि आठ दिवस कोणाला काही सांगितलं नाही. त्या आठ दिवसांची लाज मला काकांवरच्या रागाहून जास्त वाटते.

नवव्या दिवशी रविवार होता. मी गेलो तेव्हा तळेऱ्याचा अजय आणि त्याची बायको संचिता एंजल न्यायला आले होते. संचिताने मोठ्या टाकीत मासे का नाहीत, असं विचारलं. काकांनी सुरुवात केली, "आमच्या घरात फिनेलाचा फडको..."

काकी आतून आल्या. हातात पेला होता. त्यांनी तो टाकीत बुडवला आणि काकांसमोर धरला.

"चाखा. फिनेल आसा तर माका पयला मरूक व्हया होता. रोज फडको मी पिळतंय. मिठान हाताच्या चिरा झोंबतत माझ्या."

काकांनी पेला घेतला नाही. अजयने घेतला. जिभेला लावला आणि अंगणात जाऊन थुंकला.

"काका, ह्या दर्यापेक्षा खारा आसा."

"फिनेलाचीच चव ती," काका म्हणाले.

अजय माझ्याकडे बघू लागला. मग काकीही.

मी सांगितलं. पस्तीस आणि अठ्ठेचाळीस सांगितलं. पाणी कसं उडतं आणि मीठ कसं राहतं ते सांगितलं. हे काकांना मासे मेले त्या दिवसापासून माहीत आहे, हेही सांगितलं.

 काका फरशीकडे बघतच मला म्हणाले, "उद्यापासून ह्या घरात येव नको."

"तो येतलो," काकी म्हणाल्या. "मी बोलावतलंय."

त्यानंतर मी गेलो नाही. त्या माणसासमोर बसून पुन्हा ऐकून घेणं मला जमणार नाही. काकी बालवाडीतून येताना भेटतात, तेवढं पुरे. त्या आईने बालवाडीच्या दारातच सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. काकांनी अजून मागितलेली नाही. ताट मात्र आता त्यांचं तेच वाढून घेतात, कारण काकींनी वाढणं सोडलं आहे.

त्या रविवारी पडवीत एंजल द्यायचे अजून राहिले होते. अजयला निघून जावं की थांबावं ते कळेना. काकींनी जाळी घेतली आणि एंजलच्या टाकीपाशी गेल्या.

"कितके व्हये तुमका?"

"दोन," संचिता म्हणाली.