जगबुडीच्या सिनेमात आई नसते

मला जगबुडीचे सिनेमे आवडतात. शाळेत कुणाला सांगितलं तर हसतील. मराठी शिकवणारी पन्नाशीला टेकलेली बाई घरी येऊन काय बघते, तर वाळवंटात धूळ उडवत पळणाऱ्या गाड्या आणि पेट्रोलच्या एका टाकीसाठी एकमेकांच्या नरडीचा घोट घेणारी माणसं. तेही हिंदीत डब केलेलं. खलनायक उजाड माळावर उभा राहून मुंबईच्या टपोऱ्यासारखं बोलतो, तरी मला चालतं.

आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून हे सुरू झालं. ऑपरेशन झालं, पण ती धड उभी राहिली नाही. वॉकर धरून मोरीपर्यंत जायचं तरी कुणीतरी बगलेत हात घालावा लागतो, आणि ते कुणीतरी म्हणजे मी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, भाऊ नाही. दोघी बहिणी आपापल्या घरी, अक्का पारोळ्याला आणि धाकटी चाळीसगावला. माझं लग्न राहून गेलं. कसं राहिलं ते सांगत बसत नाही, जळगावात सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मार्च लागला की आमची शाळा सकाळची होते. तेवढा वेळ शेजारच्या काकू आईजवळ बसतात. बारा-साडेबाराला मी मेहरूणला घरी येते तोवर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. आईला जेवू घालायचं, तिची मोरीची फेरी करायची, भांडी घासायची, पडदे ओढायचे आणि कूलरमध्ये पाणी टाकून टीव्ही लावायचा. कूलर एकच, तो पुढच्या खोलीत. म्हणून आईची खाट तिथे आणि टीव्हीही तिथेच. मी जे बघणार ते तिला बघावंच लागायचं.

यात एवढं काय आवडतं, याचा मी बरेच दिवस विचार केला नाही. मग एकदा एका सिनेमात नायकाने चाकूने डबा फोडला, उभ्याउभ्या खाल्लं आणि रिकामा डबा मागे भिरकावून दिला. मी रिमोट घेऊन तेवढंच परत बघितलं. भांडं नाही, खरकटं नाही, कुणाला वाढायचं नाही. पुढचा गोळीबार मला दिसलाच नाही, मी त्या डब्यातच अडकले. त्या जगात कुणाच्या मुलाचं लग्न नसतं, पत्रिका येत नाही, जनगणनेची ड्यूटी नसते. डॉक्टरची तारीख नसते. नायक सकाळी उठतो आणि ज्या दिशेला तोंड असेल तिकडे चालू लागतो. त्याला मागून कुणी विचारत नाही, कधी येशील म्हणून.

आई सुरुवातीला भिंतीकडे तोंड करून पडायची. पण आवाज इतका, की झोप कुठली यायला. हळूहळू ती बघायला लागली. हिंदी तिला अर्धीमुर्धी कळते. आईचं माहेर पारोळ्याजवळचं, ती बोलते अहिराणी. आम्ही जळगावात शिकलो म्हणून पुस्तकी बोलतो आणि तिने हाक मारली की पुस्तकीतच ओ देतो.

"बठ्ठा मरी ग्यात का?" तिने पहिल्या दिवशी विचारलं.

"हो. सगळे मेले. थोडे राहिलेत."

"मंग यास्नी घागर कोन भरस?"

मला हसू फुटलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावाने मातीची घागर भरतात, वर आंबा आणि रव्याच्या सारणाची सांजोरी ठेवतात, निखाऱ्यावर नैवेद्याचा घास, म्हणजे आगारी, टाकतात. भाऊ नाही म्हणून वडिलांची घागर मीच भरते. अख्खं जग मेलेलं, शहरं वाळूत गाडलेली, आणि आमच्या आईला काळजी कशाची, तर एवढ्या माणसांना पाणी कोण देणार. मी म्हटलं, "आई, ते इंग्रज आहेत." ती म्हणाली, त्यांना काय तहान लागत नाही का.

मग तिला गोडीच लागली. मध्ये मध्ये विचारायची. एकदा म्हणाली, "त्यानी माय कोठे शे?"

"कुणाची?"

"त्या गाडीवाल्यानी."

"ती मेली आधीच."

"पहिलेच मरी गई?"

"सिनेमा सुरू व्हायच्या आधीच."

दुसऱ्या सिनेमात तेच. तिसऱ्यात एक बाई नायिका होती, बंदूक घेऊन फिरणारी. आईने तिच्याबद्दलही विचारलं आणि तिचीही आई मेलेली निघाली. मला हे कधी सुचलंच नव्हतं. एवढे सिनेमे बघितले, पण खाटेवर पडलेली म्हातारी एकातही नव्हती. कुणाला हातपाय नसतील, कुणाला एक डोळा नसेल, पण बगलेत हात घालून मोरीत न्यावं लागेल असं माणूस त्या जगात शिल्लकच राहत नाही. आई म्हणाली, आपण यातले कोण, मेलेल्यातले की जित्त्यातले. मी उत्तर द्यायच्या आत तीच म्हणाली, "मी ते मरेलमाच." रस्त्याकडेला हाडांचे सापळे दाखवत होते, तिकडे तिने बोट केलं. मी स्वतःला नेहमी गाडीत धरत आले होते, स्टिअरिंगवर. खोटं कशाला बोलू, गाडीत मी एकटीच असायचे.

एक दिवस तिने सरळच विचारलं, "हाई देखीसन तुले बरं वाटस का?"

त्या दिवशी सकाळपासून माझं डोकं फिरलेलं होतं. शाळेत मुख्याध्यापिकेशी वाजलं होतं, येताना गाडी पंक्चर झाली होती, उन्हात ढकलत आणली होती. घरी आल्यापासून आईने तीनदा हाक मारली होती. एकदा पाण्यासाठी, एकदा उशीसाठी, एकदा नुसतीच. मी म्हटलं, "हो, वाटतं बरं."

"कसं काय?"

"तिथं कुणी हाक मारत नाही."

तोंडातून निघून गेलं. निघताना मला ते कळलंही, पण थांबवलं नाही, कारण बोलून बरं वाटत होतं. पडद्यावर दोन ट्रक एकमेकांवर आदळले, ते आम्ही दोघींनी बघितलं. रात्री मी तिला भाकरी कुस्करून दिली, ती मुकाट्याने जेवली. मला वाटलं, विसरली. विसरली असं मी स्वतःला सांगितलं, हे जास्त खरं आहे.

त्यानंतर तिने हाक मारणं बंद केलं. मला ते चटकन लक्षात आलं नाही. उलट बरं चाललंय असं वाटायला लागलं. आई हल्ली त्रास देत नाही, असं मी धाकटीला फोनवर सांगितलंसुद्धा. दुपारचा सिनेमा पहिल्यांदाच अखंड बघायला मिळत होता.

मग एका दुपारी गाड्यांचा पाठलाग चालू होता, चांगला लांबलचक, आणि मला वास आला. आधी वाटलं कूलरच्या पाण्याचा. उठून बघितलं तर आईची चादर ओली, लुगडं ओलं, गादीपर्यंत गेलेलं. ती डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होती.

"आई, हाक का मारली नाहीस?"

"तुना सिनेमा चालू व्हता," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात टोमणा असता तर मी भांडले असते. मला भांडता येतं. पण ती खरंच मला व्यत्यय नको म्हणून पडून राहिली होती, शाळेतली गरीब पोर लघवीला जाऊ का विचारायला घाबरते तशी. मी तिला पुसलं, गादी उन्हात टाकली, चादर धुतली. टीव्ही बंद करायचं भान मला राहिलं नव्हतं, चादर पिळताना मला मागे मोटारींचा आवाज येत होता. मला स्वतःची शरम वाटली. आणि त्या शरमेत रागही होता, की हिने आता हेही माझ्या डोक्यावर ठेवलं. मला वाटतं तो राग सगळ्यात वाईट.

पुढचे काही दिवस मी सिनेमे लावले नाहीत. दर अर्ध्या तासाने विचारायचे, जायचंय का, पाणी हवं का. आई नाही म्हणायची. मी इतकं विचारायला लागले, की तिलाच दमायला झालं असेल.

आखाजीला दोघी बहिणी आल्या. आमच्या खान्देशात आखाजी म्हणजे लेकींची दिवाळी. सासरची कामं टाकून त्या माहेरी येतात, झोके घेतात, पाय पसरून बसतात. पाय पसरून बसणाऱ्या त्या दोघी आणि खापरावर मांडे टाकणारी मी, हे दरवर्षीचं. मी माहेरी राहते म्हणून मला माहेर नाही, हे गणित मी कुणाला समजावत नाही. अक्का आमरस ओरपत म्हणाली, "तुझं बरं आहे बाई, आईजवळ आहेस." ती मनापासूनच म्हणाली. मी तिला दुसरी वाटी दिली.

जेवणं झाल्यावर आई अक्काला म्हणाली, "माले तुना घर लई चाल. थोडा दिन ऱ्हासू."

माझी आई लेकीच्या सासरी घोटभर पाणी प्यायलाही कां कूं करणारी. अक्काच्या लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली, एवढ्या वर्षांत तिने त्या घरी मुक्काम केलेला नाही. अक्काला बाळ झालं, तेव्हाही बघून, बाळाच्या हातावर काही ठेवून संध्याकाळच्या एसटीने परत आली होती. लेकीच्या दारात राहायचं नाही, हा तिचा नियम आणि त्याचा तिला केवढा अभिमान. आता ती म्हणत होती, जावयाच्या घरात, त्यांच्या मोरीत, त्यांच्या सुनेच्या हातचं करून घेऊन राहीन.

"अचानक कसं गं आई?" अक्काने विचारलं.

"सिनेमा देखी देखी डोया दुखतस मना," आई म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता हसली.

बहिणी हसल्या. मीही हसले. तेव्हाच म्हणायला हवं होतं, की आई कुठेही जायचं नाही. मी तोंड उघडलंही होतं. पण उघडलेल्या तोंडातून निघालं ते असं, "वॉकर गाडीत मागे बसेल ना?" अक्काने माझ्याकडे बघितलं. धाकटीने लगेच गोळ्यांची पिशवी भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी अक्काचे यजमान गाडी घेऊन आले. आईला मागच्या सीटवर बसवताना तिने माझ्या खांद्याला घट्ट धरलं होतं, पण ते तोल जाऊ नये म्हणून. गाडी गेल्यावर मी दार लावलं. घरात कूलरशिवाय आवाज नव्हता. मी सिनेमा लावला, आवाज वाढवला, ताटात न वाढून घेता पातेल्यातूनच वरणभात खाल्ला. मग तिथेच, आईच्या खाटेवर, झोपले. संध्याकाळी जाग आली. कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती.

मला वाटलं होतं, आता सिनेमे नकोसे होतील, घर खायला उठेल. काही नाही झालं तसं. मी रोज एक बघितला. एक तर इतका आवडला की दोनदा बघितला. पारोळ्याला मी रोज फोन करायचे, आई बरी आहे म्हणायची. तिथल्या मोरीत एकदा पाय घसरता घसरता वाचली, हे मला धाकटीकडून कळलं. अक्काच्या सुनेने बेडपॅन आणलंय, हेही. आई बेडपॅनवर बसते. माझ्याकडे असताना तिने ते कधीच चालवून घेतलं नव्हतं.

पंधरवड्याने अक्काचा फोन आला. "रविवारी आणून सोडू का हिला?"

"इकडे ऊन फार आहे गं," मी म्हटलं. "अजून आठ दिवस राहू दे." पारोळ्यात जसं काही चांदणं पडतं.

फोन स्पीकरवर होता, मागून आईचा आवाज आला. "ऱ्हासू, ऱ्हासू. तू जेवनी का?"

मी जेवले म्हटलं. फोन ठेवल्यावर मला इतकं हायसं वाटलं, की मी उठून चहा टाकला.

ते आठ दिवस मागेच संपले. अक्काने परत विचारलं नाही. आईनेच तिला सांगितलं असणार, तू विचारू नको, ती बोलवेल तेव्हा जाऊ. ती आता माझ्या हाकेची वाट बघत पडली आहे, आणि मी अजून हाक मारलेली नाही.