चार किलोंची ओढ

माझे बाबा कुणावर विश्वास ठेवत नाहीत. दूधवाल्याचं माप, डॉक्टरांचं निदान, भिंतीवरचं घड्याळ, जावई, सगळ्यांकडे ते एक डोळा बारीक करून बघतात. गॅरेजात मी अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली आहे, पण मी आवळलेला नट स्वतः तपासल्याशिवाय त्यांनी एकही गाडी बाहेर सोडलेली नाही. लोक त्यांना 'इन्स्पेक्टर' म्हणतात. पाठीमागे मीही.

मागच्या ॲक्सलमधल्या पिनियनला, म्हणजे मोठ्या दातेरी चाकाला फिरवणाऱ्या छोट्या चाकाला, तर त्यांनी मला कधी हातच लावू दिला नाही. पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये पातळ पत्र्याची एक नळी असते. नट आवळत गेलं की ती दबते आणि बेअरिंगांवर ताण बसतो. ताण कमी पडला तर पिनियन हलतो, जास्त झाला तर बेअरिंग जळतं. आणि एकदा जास्त आवळलं की नट मागे घेऊन भागत नाही. दबलेली नळी परत उभी राहत नाही, नवीच घालावी लागते. नट मागे घेणाऱ्याला बाबा सरळ चोर म्हणतात.

ताण मोजायला ते पिनियनच्या तोंडाला दोरी गुंडाळून स्प्रिंगच्या वजनकाट्याने ओढतात आणि काटा वाचायला मला हाक मारतात. स्वतःच्या डोळ्यांचाही भरवसा नाही ना!

त्या दुपारी शाळेच्या बसचं काम होतं. हाक आलीच नाही.

"झालं. मोठं चाक चढव," एवढं बोलून ते हात धुवायला गेले. माझ्या मनात पाल चुकचुकली. शेवटी मी त्यांचीच मुलगी. नटाच्या कडांवर बघितलं, तर ओरखडे दोन्ही बाजूंनी होते. दोरी गुंडाळून ओढली. चार किलो यायला हवे होते, काटा दीडवरच राहिला.

"काय करतेस?" बाबा मागे उभे.

"नट मागे घेतलात तुम्ही?"

ते ओले हात पँटला पुसत राहिले. माझं डोकं फिरलं. "चाळीस पोरं बसतात त्यात, बाबा!"

"पाना पुढे गेला गं," ते म्हणाले. "कळलंच नाही. दोन महिने झाले, बोटांना काही कळत नाही. तुला कळलं तर तू मला घरी बसवशील, असं वाटलं."

मी दबलेली नळी काढून नवी घातली. बाबांच्या नजरेला नजर न देता नट थोडा थोडा आवळला, दर वेळी दोरी ओढली. दोन. तीन. चार.

"चार," मी म्हटलं आणि बाजूला झाले. आता ते वाकतील, डोळा बारीक करतील, माझी चूक काढतील.

ते जागचे हलले नाहीत.

"तू बघितलंस ना? मग चढव चाक."

अकरा वर्षं मला हेच ऐकायचं होतं. ऐकलं, आणि मला रडू फुटलं.